विधान : रिटायर झालो की पुणे

बँकेच्या परीक्षेत तर्काच्या पेपरात एक प्रकार असतो. एक विधान दिलेलं असतं आणि त्याखाली दोन गृहीतकं. विधान करणाऱ्याने यातलं काय न बोलता धरून चाललं आहे, ते ओळखायचं. पहिलं, दुसरं, दोन्ही किंवा एकही नाही. दिसायला प्रकार बाळबोध, आणि भल्याभल्यांचे गुण इथेच जातात. आमच्या शाखेतल्या लोकांची मुलं अजून माझ्याकडे हे शिकायला येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की तुम्हाला काय वाटतं हे इथे कुणीही विचारलेलं नाही. मुलांना ते आवडत नाही. हल्ली प्रत्येकाला सतत काहीतरी वाटत असतं.

मी स्वतः हा प्रकार शिकले ते दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात, आईबरोबर. त्या वर्षी आमच्या घरात दोन गोष्टी बरोबरीने चालल्या होत्या. माझी परीक्षेची तयारी आणि बाबांची निवृत्ती. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं, आणि क्वार्टर सोडणं म्हणजे पुणे, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं ठरलेलं होतं.

"रिटायर झालो की पुणे." हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत होते. पुण्यात बाबांचे दोघे मोठे भाऊ एकाच इमारतीत राहायचे, आणि त्याच इमारतीत बाबांनीही कधीकाळी एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिला होता. दिल्लीत आमच्याकडे सोफा नव्हता. आईने विषय काढला की बाबा म्हणायचे, "इथे कशाला? नेताना मोडेल. पुण्याला गेल्यावर घेऊ." तसंच कपाटाचं, तसंच चांगल्या पडद्यांचं. आलेल्या पाहुण्यांना आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसवायचो आणि ते गेले की खुर्च्या मिटून भिंतीला लावून ठेवायचो. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं की आम्ही नुकतेच राहायला आलोय.

बाबांबद्दल गैरसमज नको. ते भांडखोर नव्हते, कंजूषही नव्हते. त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही. बोलायचे ते फाइलवर शेरा लिहावा तसं, थोडक्यात आणि खाली सही केल्यासारखं. त्यांना दिल्ली कधी आवडलीच नाही, एवढंच. इथला उन्हाळा, इथली थंडी, इथल्या माणसांचं बसमध्ये अंगावर येऊन बोलणं, यातल्या कशाशीही त्यांनी जमवून घेतलं नाही, आणि जमवून घ्यायची गरजही नव्हती. ते इथे कामापुरते आले होते. ते काम त्यांच्या केसांचा रंग बदलेपर्यंत चाललं.

अभ्यास आम्ही थंडीत सुरू केला. आई मटार सोलत बसायची आणि मांडीवर उघड्या ठेवलेल्या गाइडमधून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची. ती बी. ए. होती, कॉलनीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे गाइडातल्या इंग्रजीला ती घाबरत नव्हती. मी पोळ्या लाटत उत्तरं द्यायचे.

पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न आला. विधान : 'लिफ्टमध्ये थुंकू नये,' अशी पाटी एका कार्यालयात लावली आहे. गृहीतक एक : पाटी नसेल तर काही लोक लिफ्टमध्ये थुंकतील. गृहीतक दोन : पाटी वाचून लोक थुंकायचं थांबवतील. मी ठणकावून सांगितलं, फक्त पहिलं. मी बाबांच्या ऑफिसातली लिफ्ट पाहिलेली होती. पाटी होती आणि पाटीच्या खालचा कोपरा लाल होता.

"दोन्ही," आईने मागचं पान बघून सांगितलं.

"अगं, पण दिल्लीत कुणी ऐकतं का पाटीचं?"

"दिल्लीत काय होतं ते नाही विचारलंय. पाटी लावणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते विचारलंय. उपयोग होईल असं वाटलं म्हणूनच लावली ना त्याने? मग तो बिचारा मूर्ख का असेना."

माझा संताप झाला, पण ते बरोबर होतं. गृहीतक खरं असावं लागत नाही. बोलणाऱ्याला ते लागतं, एवढंच पुरतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. न बोललेलं ओळखायचं म्हणताच मला जिथेतिथे न बोललेलं दिसायला लागलं. यात माझा दोष कमी आणि घराचा जास्त. आमच्याकडे कुणी "चहा नको, आत्ताच झाला" म्हणालं की आई आधण ठेवायची. बाबा "बघू" म्हणाले म्हणजे नाही. मोठ्या काकांनी "सहज फोन केला" असं सांगितलं की काहीतरी काम निघालेलं असायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला विधान द्यायचं, 'शिक्षिकेने मुलांना सहलीला येताना डबा आणायला सांगितलं,' आणि विचारायचं, सहलीच्या जागी चांगलं खायला मिळत नाही असं ती धरून चालली आहे का? मी म्हणायचे, अर्थातच. शिवाय तिला मागच्या सहलीचा वाईट अनुभव असणार आणि मुख्याध्यापकांशी तिचं पटत नसणार.

बेरसरायला मी ज्या क्लासला जायचे तिथल्या सरांनी माझी ही खोड मोडली. हरयाणाचे होते, खडू फेकून मारायचे. ते म्हणाले, "मॅडम, कहानी मत बनाओ. उल्टा करके देखो. उल्टा करने से स्टेटमेंट गिर गया, तो सही. खड़ा रहा, तो गलत." म्हणजे गृहीतकाला नकार लावायचा. सहलीच्या जागी चांगलं खायला मिळतं, असं समजा. तरी शिक्षिका डबा आणायला सांगेल का? सांगेल, वेळ वाचावा म्हणून सांगेल. विधान उभं राहिलं, गृहीतक बाद.

आईला ही युक्ती फार आवडली. पुढचे काही दिवस ती घरातल्या प्रत्येक वाक्याला नकार लावत हिंडत होती. कामवाली म्हणाली, "कल देर से आऊँगी." आई आत येऊन मला म्हणाली, "हिने काय धरलंय, तर आपण भांडी घासणार नाही. उलटं कर. आपण घासली, तरी ती उशिराच येणार. बाद." वरच्या मजल्यावरच्या कानपूरच्या आंटी आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण होत्या. त्यांनाही तिने यात ओढलं. त्या म्हणाल्या, "भाभी, आप बेटी से पहले पास हो जाओगी."

आणि मग एका दुपारी, मटार संपत आले होते, आई गाइड मिटून म्हणाली, "एक माझ्याकडून घे. विधान : रिटायर झालो की पुणे. गृहीतक एक : पुण्यातला भाडेकरू फ्लॅट सोडेल. गृहीतक दोन : बायकोला पुण्याला यायचंय."

मी पोळी तव्यावर टाकली. "एक. भाडेकरू फ्लॅट सोडणार नाही. मग राहायचं कुठे? विधान पडलं. धरलेलं आहे." मग शिकवलेल्या पद्धतीने दुसऱ्याला नकार लावला. "दोन. बायकोला पुण्याला यायचं नाही."

"नाहीच यायचं मला," आई म्हणाली.

ती शेंगा सोलत राहिली. मला वाटलं ती पुढचं उदाहरण देतेय. पोळी करपली तेव्हा कळलं की उदाहरण संपलं होतं.

तिची कारणं साधी होती. पुण्यात त्या इमारतीत ती धाकटी जाऊ. साठीच्या घरात आली तरी धाकटीच. सणाला कुठल्या जाऊबाईंकडे काय न्यायचं, कुणाला आधी विचारायचं, दुपारी दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे सगळं तिला पुन्हा दुसऱ्याच्या घड्याळाने करावं लागणार होतं. लग्नानंतरची दोन वर्षं तिने ते केलं होतं. "इथे मला माणसं माझ्यामुळे ओळखतात," ती म्हणाली. "भाजीवाला ओळखतो, शिकवणीची मुलं मोठी होऊन नोकरीला लागली तरी पेढे घेऊन येतात. तिथे मी कोण? यांची बायको." दिल्लीची हिंदी ती मंडईत भाव करून शिकली होती, तिथल्या बायकांशी भांडून आणि मग त्यांच्याकडूनच लोणच्याची कृती घेऊन. बाबांनी जिथे फक्त नोकरी केली तिथे ती राहिली होती.

"मग सांग ना बाबांना," मी म्हणाले.

"सांगेन. आधी तुझी परीक्षा होऊ दे." तुला नोकरी लागली तर आपल्याला भाड्याने घर घेता येईल, असा तिचा विचार होता. पण खरी अडचण ती नव्हती, आणि ती तिने मला सांगितलीही. "तुझ्या त्या सरांच्या हिशोबाने सांग. मी नाही म्हटलं तर यांचं विधान पडतं ना?"

"धाडकन पडतं."

"तेच तर. माझ्यापायी राहतील इथे आणि तोंडाने काही बोलणार नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघत बसतील. ते कसं बघू मी?"

म्हणजे तिला भीती होती ती बाबा जातील याची नाही, ते थांबतील याची. आणि त्याबद्दल आम्हा दोघींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुरावे ढीगभर होते. बाबांना चहा करता येत नव्हता. स्वतःचा रुमाल सापडत नव्हता. रक्तदाबाची गोळी आईने तळहातावर ठेवली तरच पोटात जायची. असा माणूस एकट्याने पुण्यात राहील, ही कल्पनासुद्धा आम्हाला शिवली नाही. आईशिवाय पुणे म्हणजे फ्लॅटशिवाय पुणे. पहिल्यासारखंच दुसरंही धरलेलं, उत्तर 'दोन्ही'. मी इतक्या खात्रीने कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

मी पास झाले. नेमणूक नोएडाच्या शाखेत मिळाली. आईने मैत्रिणींकडे चौकशी करून दिल्लीतल्याच द्वारकेत एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट शोधला, कारण तिथून नोएडाला मेट्रो सरळ जाते. बाबांना वाटलं, तो माझ्यासाठी आहे. ते स्वतः येऊन नळ, वायरिंग, बाल्कनीचा दरवाजा सगळं तपासून गेले. "छान आहे," म्हणाले. "सुट्टीत आम्हाला यायला बरं पडेल." आई बाल्कनीतून खाली बघत उभी होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, तिने मान हलवली. अजून नाही.

शेवटी निवृत्तीचा दिवस आला. सरकारी पद्धतीप्रमाणे ऑफिसात समारंभ झाला, आणि संध्याकाळी सेक्शनची माणसं गळ्यात हार घातलेल्या बाबांना ऑफिसच्या गाडीतून घरी सोडायला आली. घडीच्या सगळ्या खुर्च्या उघडल्या, कानपूरच्या आंटींकडून आणखी आणल्या. समोसे, बर्फी, चहा. जो तो आईला म्हणत होता, "भाभीजी, अब तो बस पूना!" आणि आई हसून बर्फी पुढे करत होती. तिला हे हसणं किती जड जातंय ते मला दिसत होतं आणि कधी एकदा ही माणसं उठतात असं मला झालं होतं.

माणसं गेली. बाबा खुर्च्या मिटू लागले, हार गळ्यात तसाच. म्हणाले, "रविवारी पॅकर्सवाल्याला बोलावतो."

"त्यात माझं सामान धरू नका," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"मी पुण्याला येत नाहीये. मला तिथे राहायचं नाही. मी द्वारकेला राहीन, हिच्याजवळ."

बाबांनी हातातली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसले. मी भांडी गोळा करायचं सोंग करत होते.

"विचार करून बोलतेयस?"

"हो. पुष्कळ दिवस."

"बरं," बाबा म्हणाले. मग त्यांनी हार काढला, खुंटीला लावला आणि हात धुवायला गेले.

मला वाटलं, झालं. आईलाही तेच वाटलं असणार, कारण झोपायला जाताना ती मला हळूच म्हणाली, "फार लागलं गं त्यांना. उद्या मी बोलते नीट. बाल्कनीकडची खोली त्यांना देऊ, ऊन चांगलं येतं." थांबा, असं ती त्यांना म्हणाली नव्हती. ते वेगळं म्हणावं लागेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मी येत नाही म्हटलं यातच ते आलं, असा तिचा समज होता. माझाही.

सकाळी मी ब्रश करत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी आईला विचारलं, "चहाला पत्ती पाणी उकळल्यावर टाकायची, की आधीच?"

आईचा हात ओट्यावर होता तिथेच राहिला. मी आरशातून तिचा चेहरा पाहिला आणि बाबांचा मला असा राग आला की तोंडातला फेस थुंकायचंही सुचेना. त्यांच्या स्वरात ना रोष ना टोमणा. त्यांना खरंच माहिती हवी होती.

"उकळल्यावर," आई म्हणाली. "या इकडे, दाखवते."

पुढचे दिवस ती त्यांना शिकवत होती. चहा, मग कुकर, मग खिचडी, मग भाजीला फोडणी. शिकवण्यांचा तिला सराव होताच. आधी ती करून दाखवायची, मग त्यांना करायला लावायची, चुकलं की पुन्हा. बाबा चांगले विद्यार्थी निघाले. पुण्याहून काकांचे फोन यायचे, ही काय नवी फॅशन म्हणून, आणि बाबा त्यांना शांतपणे सांगायचे, "तिचं इथे चांगलं चाललंय. तिला त्रास नको." इतकं समजूतदार बोलणारा नवरा किती बायकांना मिळतो, असं कानपूरच्या आंटी म्हणाल्या. ते खरंही होतं, आणि म्हणूनच कुणाला काही बोलायला जागा उरली नव्हती. त्या दिवसांत आई फोडणीत मोहरी तडतडली की दचकायची.

निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. सामान आधीच ट्रकने गेलं होतं. बाबांकडे एक बॅग आणि आईने दिलेला डबा. गाडी फलाटावर लागलेली होती. बाबांनी जागा शोधली, बॅग साखळीने बांधली आणि पुन्हा खाली उतरून आमच्यापाशी येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "गॅसचा नॉब रात्री बघत जा." आईला म्हणाले, "गुडघ्याचं औषध बंद करू नकोस." आई म्हणाली, "पोचलात की फोन करा." मग तिघंही फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. शिट्टी झाली तेव्हा बाबा चढले, दारात उभे राहून त्यांनी हात केला, आणि ते इतकी वर्षं ज्या दिशेला तोंड करून बसले होते त्या दिशेला गाडी निघाली. ते आनंदात होते. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मी त्यांची मुलगी आहे.

आम्ही रिक्षाने प्रगती मैदानला आलो आणि तिथून द्वारकेची मेट्रो घेतली. डब्यात गर्दी होती, मग करोल बागनंतर बसायला मिळालं. आईने पर्स मांडीवर घेतली आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, थांबतील."

"मलाही."

मग विचारू नये ते विचारलं. "ते थांबणार नाहीत हे आधी माहीत असतं, तर गेली असतीस?"

तिने विचार केला. उगाच चटकन उत्तर द्यायची तिची सवय नव्हती. दोन स्टेशनं गेली, माणसं चढली, उतरली.

"नाही," ती म्हणाली. "तरी नसते गेले." आणि मग डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "पण एकदा त्यांनी 'चल' म्हणायला हवं होतं गं."